बबनभाऊंची दुपारची मध्यरात्र

आमच्या वलवणच्या गल्लीत नवं वर्ष दुपारी लागायचं. म्हणजे बाकीच्या लोणावळ्याचं लागायचं तेव्हाच लागायचं, बंगल्याबंगल्यांतून फटाके उडवून आणि आमची झोप उडवून. बबनभाऊंच्या घरी मात्र ते आठवडाभर आधीच, जेवणं उरकल्यावर, एका जुन्या कॉम्प्युटरवर लागायचं.

मी तेव्हा नुकतीच त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहायला आले होते. गावातल्या शाळेत शिक्षिका, त्यामुळे गल्लीला मी पहिल्या दिवसापासून 'बाई'. डिसेंबर संपत आला होता, रविवार होता. कुंपणापलीकडून हाक आली, "बाई, पळा लवकर! वर्ष बदलायला दोनच मिनटं ऱ्हायली!"

म्हातारबुवांना काहीतरी झालं असं समजून मी तव्यावरची पोळी तशीच टाकून धावले. बघते तर भाऊ स्टुलावर ताठ बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर समोरच्या मॉनिटरवर. हा मॉनिटर म्हणजे पाठीमागं भलंमोठं पोट सुटलेला, जुन्या टीव्हीएवढा. पडद्यावर घड्याळ होतं. एकतीस डिसेंबर, रात्रीचे अकरा अठ्ठावन्न. बाहेर लख्ख ऊन.

"अकरा एकोणसाठ!" भाऊ ओरडले.

"अकरा एकोणसाठ," स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, हिरामावशींचा आवाज आला.

आम्ही श्वास रोखून बसलो. मला कशासाठी रोखायचा ते ठाऊक नव्हतं, पण रोखला.

"एक जानेवारी! साल बदललं!"

"एक जानेवारी, साल बदललं," मावशी म्हणाल्या. "आता चहा टाकू का आणखी एखादं साल बदलायचंय?"

माझी पोळी जळाली होती. चहा पिताना मी जरा तोऱ्यातच विचारलं की हे सगळं कशासाठी. भाऊंना राग आला नाही. ते म्हणाले, "मशीन जुनं हाय, बाई. म्हातारा माणूस वार चुकतो, तशी हे तारीख चुकंल. चुकायच्या आदी बघून ठिवायचं." मग त्यांनी तारीख परत मूळ जागी आणली, मशीन बंद केलं आणि सांगितलं, की ही अर्धीच परीक्षा झाली. उद्या पुन्हा अकरा अठ्ठावन्नला घड्याळ लावून मशीन बंद करायचं, पाच मिनिटांनी सुरू करायचं आणि झोपेत त्याला वर्ष बदललेलं कळलं का ते पाहायचं. "जागेपणी समदेच शाने असत्यात," असं ते म्हणाले.

ही विद्या त्यांना नोकरीत मिळाली होती. भाऊ रेल्वेत ड्रायव्हर होते, घाटातल्या बँकरवर. कर्जतहून चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जे इंजिन लावतात ते बँकर. नव्व्याण्णव सालच्या शेवटाला सगळ्या जगात घबराट होती, की कॉम्प्युटर सालाचे शेवटचे दोनच आकडे धरतात, तर दोन शून्यं आली की त्यांना वाटेल एकोणीसशे साल उजाडलं. तेव्हा एक तरुण साहेब यांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरची तपासणी करायला आला होता. बाकीचे चहा प्यायला गेले, भाऊ त्याच्या पाठीशी उभे राहिले. साहेबानं चालू ठेवून एकदा, बंद करून एकदा, लीप वर्षाची एकोणतीस फेब्रुवारी धरून एकदा, अशी तारीख बदलून पाहिली. "परत्येक वेळी मी मागनं बोलत व्हतो," भाऊ सांगायचे. "सायेब म्हनला, काका, तुमी कशाला बोलताय? म्या म्हनलं, तुमी येकटेच बघताय म्हनून."

हे बोलणं नीट समजून घ्यायला हवं, कारण भाऊ म्हणजेच ते बोलणं. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की एकानं मोठ्यानं सांगायचं, पिवळा. दुसऱ्यानं स्वतः पाहून परत बोलायचं, पिवळा. दुसरा बोलेपर्यंत पहिल्याचं पाहणं धरायचं नाही. भाऊंनी आयुष्यभर हेच केलं आणि निवृत्त झाल्यावर घरात आणलं. "ग्यास बंद!" "गॅस बंद." "किल्ली खिशात!" "किल्ली खिशात." मावशी भाजी निवडता निवडता, झोपेत कूस बदलता बदलता, परत बोलायच्या. एकदा पवनानगरला त्यांच्या भाचीकडे निघालो होतो, भरलेल्या जीपमधून. मागचं दार लागल्याचं भाऊंनी तीनदा पुकारलं. ड्रायव्हर काही परत बोलेना. भाऊ खाली उतरले, आम्हाला दोघींना उतरवलं आणि पुढची जीप येईपर्यंत पाऊण तास उन्हात उभं केलं. मावशी मला हळूच म्हणाल्या, "लग्नात भटजी न्हवता आमच्या, पन असता तरी ह्यांनी त्याला परत बोलाया लावलं असतं." त्या हसायला लागल्या की त्यांचा पदर डोक्यावरून घसरायचा आणि त्या तो सावरायच्या नाहीत.

असा तो संसार होता. मला त्याचा हेवा वाटायचा, हे आता लिहून टाकते.

कॉम्प्युटर आणला होता मुलीसाठी, मनीषासाठी. ती कॉलेजात असताना कुठल्याशा बंगल्यातून तो जुनाच घेतला होता. ती शिकली, नोकरीला नाशिकला गेली, तिथंच लग्न करून राहिली. मशीन आणि आईबाप मागं राहिले. मग मावशींच्या हृदयाची झडप बदलावी लागली. त्यानंतर रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागं लागली. रोज संध्याकाळी सहाला. एक दिवस पूर्ण, दुसऱ्या दिवशी अर्धी, पुन्हा पूर्ण. कमी पडली तर गाठ व्हायची भीती, जास्त झाली तर रक्तस्रावाची. घरात काल पूर्ण दिली की अर्धी यावरून घोळ व्हायला लागला तेव्हा मनीषानं सुट्टीत येऊन या मशीनवर एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. मशीन सुरू केलं की तारीख दिसायची आणि खाली ठळक अक्षरांत 'आज पूर्ण' किंवा 'आज अर्धी'. गोळी दिल्यावर एक बटण दाबायचं, म्हणजे त्या तारखेची नोंद यादीत जायची.

भाऊंना मुलीचा इतका अभिमान वाटला, की गल्लीतल्या प्रत्येकाला संध्याकाळी सहाला एकदा तरी ते पाहायला जावं लागलं. त्या दिवसापासून तारखेच्या परीक्षेला धार आली. पूर्वी ती हौस होती. आता मशीनची तारीख म्हणजे मावशींची गोळी.

संध्याकाळी सहाला कुंपणापलीकडून मला रोज ऐकू यायचं. "आज अर्धी!" मग मावशी, "अर्धी. काल पूर्ण झाली." त्या नुसतं परत बोलायच्या नाहीत, कालचंही सांगायच्या. हे मला तेव्हा फक्त ऐकू यायचं, त्याचं मोल कळत नव्हतं.

लीप वर्ष आलं. अठ्ठावीस फेब्रुवारीला दुपारी भाऊ परीक्षेला बसले. मशीनला एकोणतीस तारीख कळते का, ते पाहायचं होतं. मी शाळेत होते. मावशींना तीन दिवस ताप होता, जेवण जात नव्हतं, त्या कॉटवर पडून होत्या. भाऊंनी घड्याळ रात्रीच्या अकरा अठ्ठावन्नला नेलं, एकोणतीस तारीख आली, आणि तेवढ्यात मावशींना उलटी झाली. भाऊ उठले ते घड्याळ मागं घ्यायचं विसरूनच गेले. घड्याळ दहा तास पुढं राहिलं. संध्याकाळी सहा वाजता त्या मशीनच्या मते दुसऱ्या दिवसाची पहाट होती.

यातलं त्या दिवशी कुणालाच काही माहीत नव्हतं. मला दिसलं ते दुसऱ्या संध्याकाळी. दुपारी मावशी बोलता बोलता कोसळल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव. त्यांना आधी इथल्या आणि मग पुण्याच्या दवाखान्यात नेलं. भाऊंनी फोनवरून मला सांगितलं, की मनीषाच्या सासरचा नंबर मशीनमध्ये आहे, तेवढा बघा. त्यांच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी मशीन सुरू केलं. पडद्यावर एक मार्च. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, माझ्या फोनवर, साऱ्या मावळात एकोणतीस फेब्रुवारी.

मी शिक्षिका आहे. रोज सकाळी फळ्यावर तारीख लिहिणं हे माझं पहिलं काम, आणि कुठंही चुकीची तारीख दिसली की माझा हात थांबत नाही. मी ती दुरुस्त केली. तारीख मागं घेतली, घड्याळ लावलं, नंबर उतरवून घेतला आणि मशीन बंद केलं. तारीख पुढं म्हणजे कालची गोळीही चुकली असणार, हे कुलूप लावताना माझ्या लक्षात आलं आणि मी पायरीवरच बसले.

मावशी त्याच आठवड्यात गेल्या. डॉक्टरांनी भाऊंना समोर बसवून सांगितलं, की तापात, उपाशीपोटी रक्त आपोआप पातळ होऊ शकतं, एका अर्ध्या गोळीच्या फरकानं असं होत नाही. अर्ध्या गोळीचा विषय भाऊंनी काढला होता की डॉक्टरांनी, हे मी विचारलं नाही.

मावशींच्या पुण्यानुमोदनाचा, बौद्ध रीतीच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम झाला, माणसं पांगली, मनीषा आत झोपली होती. भाऊ ओट्यावर आले. मी पाण्याची पिंपं विसळत होते.

"बाई, तुमी त्या दिवशी मशीन चालू केलंतं. तारीख काय व्हती?"

जुनी बॅटरी संपली की मशीन तारीख विसरतं आणि पार वीस-तीस वर्षं मागं जातं, हे मला भाऊंनीच शिकवलं होतं. नेमकं एक दिवस पुढं ते आपणहून कधीच जात नाही. तो माणसाच्या हाताचाच प्रताप. मी त्यांच्याकडे पाहिलं. दहा दिवसांत गालांची हाडं वर आलेली, शर्टाची बटणं एक घर चुकून लावलेली.

"नाही पाहिली हो, भाऊ. गडबडीत होते," मी म्हणाले.

"बरं," ते म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "बरं."

मी खोटं बोलले. त्यांना वाचवायला बोलले असं मी स्वतःला सांगत आले. पण खरं म्हणजे मी घाबरले होते.

त्यानंतर परीक्षा सुरू झाल्या त्या वर्षाअखेरीच्या उरल्या नाहीत. दर महिन्याच्या शेवटी, कधी महिन्यात दोनदा. रविवारी दुपारी हाक यायची आणि मी जायची. आता परत बोलायला मीच होते. "मशीननंच उडी मारली आसंल का हो, बाई?" ते विचारायचे. "बघू तर. आज सापडंल." तीस एप्रिल ते एक मे. चालू ठेवून. बंद करून. एकतीस जुलै ते एक ऑगस्ट, बाहेर धो धो पाऊस, वीज गेली तर उद्या पुन्हा. मशीन दर वेळी बरोबर. मी मनातल्या मनात त्याला हात जोडायची, की बाबा एकदा चूक, एकदाच या माणसासाठी चूक. ते चुकलं नाही. दर वेळी भाऊ माझ्याकडे वळून थोडा वेळ बघत बसायचे, काहीतरी यायचं बाकी असल्यासारखे, मग म्हणायचे, "बरोबर हाय." मी म्हणायची, "बरोबर आहे." आणि घरी येऊन मला जेवण जायचं नाही.

या काळात माणूस वाळत गेला. घरातलं पुकारणं थांबलं. गॅस बंद केल्याचं ते आता कुणाला सांगत नव्हते. कुरवंड्याला त्यांच्या भावकीत लग्न होतं तिथं गेले नाहीत. मी एकदा चिडून म्हणाले, "भाऊ, ते मशीन देऊन टाका कुणाला तरी! किती छळणार आहात स्वतःला?" ते शांतपणे म्हणाले, "दीन की. काम झालं की दीन."

चार वर्षं गेली. पुन्हा लीप वर्ष आलं. भाऊंना आता ओट्याची पायरीही चढवत नव्हती. पुढच्या आठवड्यात मनीषा त्यांना कायमचं नाशिकला नेणार होती. अठ्ठावीस फेब्रुवारीला दुपारी हाक आली. मी शाळेतून रजा घेऊन घरीच थांबले होते, त्यांनी बोलावू नये असं मनाशी म्हणत.

"अकरा अठ्ठावन्न."

"अकरा अठ्ठावन्न."

"एकोनतीस फेब्रुवारी."

"एकोणतीस फेब्रुवारी."

मग भाऊंनी घड्याळ मागं घेतलं नाही. त्यांनी मशीन तसंच बंद केलं. "आता सांजच्याला सहाला या," ते म्हणाले.

मधले चार तास मी काय केलं ते मला आठवत नाही. सहाला गेले तर घरात उजेड होता, समोरचं दार उघडं, भाऊंनी धुतलेला शर्ट घातला होता. मशीन सुरू होतं. भिंतीवर अठ्ठावीस तारीख, पडद्यावर एकोणतीस. खाली ठळक अक्षरं, 'आज पूर्ण'.

"बोला, बाई," भाऊ म्हणाले. "काय दिसतंय?"

मला पळून जावंसं वाटलं. "एक दिवस पुढं आहे, भाऊ."

"आनि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही एक दिवस पुढंच होती." मी म्हणाले. "मीच ती मागं केली. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

भाऊंनी डोळे मिटले. "येक दिवस पुढं," ते म्हणाले. सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवावा तसे. मग त्यांनी बटण दाबून यादी उघडली आणि चार वर्षांमागं नेली. सव्वीस फेब्रुवारी, अर्धी. सत्तावीस, पूर्ण. एकोणतीस, पूर्ण. अठ्ठावीसचा पत्ताच नव्हता.

"ही यादी मी ती गेल्याव दोन दिसांनी बघितली," भाऊ म्हणाले. "माजा हात चुकला ते मला तवाच कळलं. पन मशीनची तारीख तर बरोबर. मंग कुनी केली? किल्ली तर तुमच्याकडंच व्हती."

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? मग या इतक्या परीक्षा कशाला, भाऊ?"

"सुरवातीला वाटायचं खरंच, चुकंल म्हनून. मानसाला वाटतं." भाऊ म्हणाले. "मंग तुमच्यासाठी. म्हनलं बाई हितं बसल्या, तारीख बघितली, की कवातरी बोलतील. मनीषाला मी सांगू शकत न्हाई. ती म्हनंल माज्या प्रोग्रामनं आई गेली. मला कुनीतरी परत बोलाया पायजे व्हतं, बाई. येकट्यानं बघितल्यालं मला धरता येत न्हाई आन सोडताबी येत न्हाई."

मी रडत होते. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी त्यांना पुन्हा सांगू लागले, अर्ध्या गोळीनं तसं होत नाही, कुणीही सांगेल.

"डॉक्टरांचं ऱ्हाऊ द्या," भाऊ म्हणाले. "नसंल झालं गोळीनं. मी त्या सांजंला पुकारलं, आज पूर्ण. ती तापात झोपल्याली. परत बोलली न्हाई. तिनं सांगितलं असतं, काल पूर्ण झाली. मी तिला उठवली न्हाई. परत बोलली नसतानी तिच्या तोंडात गोळी घातली. चाळीस वर्सं इंजिनात कवा आसं केलं न्हाई, आन घरात केलं."

मी त्यांची माफी मागितली. ती मागताना मला स्वतःचीच चीड आली, कारण चार वर्षांपूर्वी ओट्यावर दोन शब्द बोलले असते तर हा माणूस इतके रविवार त्या स्टुलावर बसला नसता.

भाऊंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"तुमीबी चार वर्सं येकट्याच व्हता की, बाई," ते म्हणाले. "जावा आता. जेवून घ्या."

पुढच्या आठवड्यात ते नाशिकला गेले. मुलांना बोर्डाच्या परीक्षेला घेऊन मी दुसऱ्या गावी गेले होते, त्यामुळे त्यांना गाडीत बसताना मी पाहिलं नाही. श्रावणात मनीषाचा फोन आला, भाऊ गेले. शेवटी शेवटी त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं, आणि ती फोनवर इतकंच म्हणाली, की बरं झालं सांगितलं.

म्हणून माझ्यासाठी भाऊंचं शेवटचं दर्शन त्या संध्याकाळचंच. मी अंगण ओलांडून फाटक लावायला वळले. दार उघडं होतं. भाऊ मशीनकडे पाठ करून मावशींच्या रिकाम्या कॉटवर बसले होते आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून, लहान मुलासारखं मोठमोठ्यानं रडत होते. "हिरा, हिरा गं," एवढंच. त्या रडण्यात तारीख नव्हती, गोळी नव्हती, चूक कुणाची तेही नव्हतं. बायको गेल्यावर चार वर्षांनी ते पहिल्यांदा नुसते बायकोसाठी रडत होते. मी आवाज न करता फाटक लावून घेतलं.